बारशाचा गूळ
दारासमोर सिमेंट कालवायचं यंत्र गरगरायला लागलं की मला नेकनूरच्या आमच्या घरामागची चुन्याची घाणी आठवते. निजामाच्या अमलात आमच्याकडं सिमेंट कुणी पाहिलं नव्हतं. गोल चरात बैल दगडी चाक ओढायचा आणि चुना, वाळू, गुळाचं पाणी एकजीव व्हायचं. माझी धाकटी बहीण बारशाआधीच गेली. तान्ह्या लेकराला पुरल्यावर तिथं कुणी ओटा बांधत नाही, पण वडील गवंडी होते, त्यांना दुसरं काही सुचलं नसावं. तिच्या ओट्याच्या चुन्यासाठी ते घाणी फिरवत असताना आई बाजेवरून उठून आली. बारशासाठी आणलेली गुळाची लहानशी ढेप तिनं चरात फोडून टाकली. वडील हळूच म्हणाले, "एवढा गूळ लागत न्हाई." आई म्हणाली, "तिच्यासाठीच आणलाय, तिलाच जाऊ द्या." वडिलांनी बैल हाकला. सकाळी चराच्या काठावर सांडलेल्या गुळाला मुंग्या लागल्या होत्या. मी झाडायला केरसुणी उचलली, तर आईनं माझा हात धरला. "असू दे. बारशाचं कुणीतरी खाऊन जाऊ दे." आता सुना गुळाच्या डब्यातल्या मुंग्या झटकायला लागल्या की मी उठून आत जाते.