झाऱ्यातलं ग्रहण

ग्रहणाच्या दिवशी तुमच्या आईनं काय चिरलं होतं, असं तुम्हाला कधी कुणी विचारलंय? आमच्या शेजारच्या तात्यांना जन्मभर विचारलं गेलं. ते निरवांगी गावात जन्मले ते वरचा ओठ फाटलेला घेऊन. गावानं निकाल दिला: पोटुशी असताना आईनं ग्रहणात वांगं चिरलं. पुढे ओठ शिवला गेला, निकाल तसाच राहिला.

म्हणूनच की काय, ग्रहणाचा एवढा सोहळा करणारा माणूस आमच्या अख्ख्या जळोची गावात दुसरा नव्हता. लोक दारं लावून घेत, तात्या ओट्यावर विळी मांडून बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारून वांगी चिरत. ग्रहण बघायचा काळा चष्मा देवघरात ठेवत. एकदा तो त्यांनी म्हशीला लावून पाहिला, तर तिनं चघळून टाकला. "पण वाद घातला न्हाय," तात्या म्हणाले. "माणसापरीस बरी."

दिवाळीतल्या त्या संध्याकाळच्या ग्रहणातही विळी मांडलेली होती. समोरच्या आक्कांची सून पाच महिन्यांची गरोदर. दुपारपासून तिला खोलीत कोंडलं होतं, खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली होती. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या विजेच्या डीपीत धडाम आवाज झाला आणि गल्लीची लाईट गेली.

"राहूनं गिळली!" कुणीतरी ओरडलं.

"सूर्यानं प्वाट भरलं न्हाय म्हणून डीपी बी खाल्ली व्हय?" तात्यांनी विचारलं.

सगळे हसले. पण पंखा बंद पडला तशी खोलीतून सुनेची हाक आली, "आत्या, जीव घाबरा व्हतोय."

तात्या उठले. "आक्का, कडी काढ. घुसमटंल पोरगी."

"तुमाला काय जातंय तात्या? तुमचं फाटायचं ते फाटून झालंय."

एरवी शब्द खाली पडू न देणारे तात्या वळून घरात गेले. बुंदीचा झारा आणला आणि मावळत्या उन्हात धरला. आक्कांच्या भिंतीवर भोकाभोकातून इवले इवले सूर्य उमटले, प्रत्येकाचा कुणी घास तोडलेला. पोरांनी कल्ला केला. आक्कांनी एका सूर्यावर हात ठेवला, तर तो त्यांच्याच हातावर आला. मग त्यांनीच कडी काढली. सून घामानं निथळत बाहेर आली आणि ते उष्टे सूर्य तिच्या पदरावर पडले. ती हसली.

त्या दिवसापासून तात्यांची झोप उडाली. रोज सकाळी समोरच्या दारात जाऊन विचारायचे, "पोरगी बरी हाय ना?"

मी चिडवलं, "तात्या, तुमीच भ्यालात व्हय ग्रहणाला?"

"ग्रहणाला न्हाय बाळा, माणसांना. पोर माझ्यासारखं निघालं, तर दवाखान्यात शिवत्यात. पण तिला जन्मभर इचारत्याल. माझ्या आईनं मरताना माझी माफी मागितली. कशाची मागितली, सांग की!"



मुलगी झाली, ओठ अखंड. "सुटली बाई!" गल्ली म्हणाली.

"सुटली कशातनं?" तात्यांनी विचारलं. "फाटला असता, तरी आईचा काय गुन्हा व्हता?"

गेल्या हिवाळ्यात तात्या गेले. झारा आता आक्कांच्या स्वयंपाकघरात टांगलेला असतो. येत्या ग्रहणाला तुमच्या घरात कुणी पोटुशी असेल, तर तिच्या दाराची कडी काढा. आणि कुणाचं पोर फाटक्या ओठाचं जन्मलं, तर त्याला दवाखान्यात न्या. त्याच्या आईला मात्र, काय चिरलं होतंस, एवढं विचारू नका.