खड्ड्यातला वास

नूतन रामाजी खोब्रागडे ही बाई भित्री आहे, हे चंद्रपूरच्या तिच्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. प्रयोगशाळेला कुलूप लावून निघाली की ती अर्ध्या जिन्यातून परत फिरायची, गॅसची तोटी चाचपायची, पुन्हा निघायची, पुन्हा फिरायची. आवारातल्या पाण्याच्या टाकीखालून ती कधी चालली नाही. डोक्यावर ऊन असलं तरी वळसा घालायची.

"मॅडम, या ना सरळ," शिपाई म्हणायचा. "टाकी आज पडत नाई. आज तिची सुट्टी हाय."

ती हसायची आणि वळसा घालूनच जायची.

ही भीती तिच्याबरोबर वाढलेली होती. राजुऱ्यापलीकडच्या तिच्या गावात वडील, रामाजी, नळयोजनेची मोटर आणि पाणी सोडायचे-बंद करायचे वॉल सांभाळत. नूतन सहा-सात वर्षांची असताना एका उन्हाळ्यात बोअरमधला जुना पाइप वर काढला होता. लांबून धड दिसत होता. रामाजींनी त्यावर सहज अंगठा दाबला आणि अंगठा आत गेला. आतून काळा चिखल आला, त्याला सडक्या अंड्याचा वास होता.

"हे कोनं खाल्लं, बाबा?"

"पानीच खाते, बाई."

पाणी तर ती रोज पीत होती. लोखंड खाणारं जे काही होतं ते आपल्याही पोटात गेलं असणार, या विचाराने ती कितीतरी दिवस पाण्याचा तांब्या उचलताना थांबायची.

पुढे एमएस्सीला तिला त्या खाणाऱ्यांची नावं कळली. डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. जिथे हवा पोचत नाही अशा जागी राहणारे. आपण प्राणवायूवर जगतो, ते पाण्यातल्या गंधकाच्या क्षारांवर जगतात, आणि जगता जगता तो सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सोडतात. लोखंड त्या वायूने काळं पडतं, खड्डे पडत पोखरलं जातं. नावं कळली म्हणून भीती गेली नाही. उलट भीतीला आता राहायला घर मिळालं. नूतनने त्याच विषयात पीएचडी केली. लोक ज्याला घाबरतात त्याच्यापासून दूर पळतात. ही त्याला काचेच्या बाटलीत घालून, रोज सकाळी जाऊन बघत राहिली.

चंद्रपूरच्या जंगलातल्या साली आणि पाल्यांचे काढे करून ती त्यात लोखंडी पट्ट्या बुडवायची. ऐनाच्या झाडाच्या सालीने तिला हात दिला. त्या काढ्याचा पातळ थर पट्टीवर बसायचा आणि जिवाणू तिथे टिकायचेच नाहीत. प्रयोगशाळेत पट्ट्या महिनोन्‌महिने स्वच्छ राहिल्या. आता खऱ्या जमिनीत बघायचं होतं.

जागा तिच्या डोक्यात लहानपणापासून होती. गावाबाहेर जुन्या नळयोजनेचा बंद पडलेला वॉलचा खड्डा होता. दोन माणसांइतका खोल, सिमेंटचा, वर लोखंडी झाकण, आत उतरायला भिंतीत सळया. तळाशी काळं पाझरपाणी साचलेलं. कोळशाच्या थरांमधून झिरपलेलं पाणी, गंधकाने भरलेलं. तिला हवे ते जीव तिथे आयते होते. पौषात तिने तिथे झाकणाची दोन पिंपं सोडली, एकात नुसतं खड्ड्यातलं पाणी, दुसऱ्यात तेच पाणी आणि ऐनाचा काढा. दोन्हीत पट्ट्या टांगल्या. ऐन घरच्या बांधावरचा होता म्हणून काढा घरीच उकळला होता, तिच्या आईने, गिरजाबाईंनी.

होळी झाल्यावर ती पट्ट्या काढायला गेली. धाकटा भाऊ अश्विन मोटारसायकल घेऊन आला होता. खाली उतरायचं रामाजींनी आपल्याकडे घेतलं होतं, कारण त्या खड्ड्यातली प्रत्येक सळई त्यांच्या पायाला माहीत होती.

झाकण सरकवताच वास आला. नूतनने दोघांना वाऱ्याच्या बाजूला मागे उभं केलं. मग तिने पिशवीतून पांढऱ्या कागदाची ओली पट्टी काढली. तो वायू असला की हा कागद काळा पडतो. दोऱ्याला बांधून तिने तो खड्ड्यात सोडला आणि दोऱ्याचं टोक दगडाखाली ठेवलं. दुसऱ्या पिशवीतून दोर काढला.

"हे कायले?" रामाजींनी विचारलं.

"कमरेले बांधा."

"मी का ढोर हाय, दावं बांधाले?"

"बांधा ना, बाबा. माह्यासाठी."

"बांध, बाबा," अश्विन म्हणाला. "नाई तं हे इथीच बसून रडन. चार गावचे लोक जमतीन."

रामाजींनी हसत दोर बांधून घेतला.

नूतन खड्ड्याच्या काठावर ओणवी झाली. वास होता, पण कमी. ती थांबली, पुन्हा वाकून श्वास घेतला. आता जवळजवळ नाहीच. तिसऱ्यांदा वाकली तेव्हा नुसत्या ओल्या सिमेंटचाही वास नव्हता. तिला बरं वाटलं. ऊन चढत होतं, वडील मघापासून उभे होते.

"गेला सारा," ती म्हणाली. "उतरा."

रामाजी बोलत बोलत उतरले. पाणी गुडघ्यालाही नाही, असं सांगितलं. पहिल्या पिंपातल्या पट्ट्या काढून पिशवीत टाकल्या. "तुह्या पट्ट्या तं उंदरानं खाल्ल्यावानी झाल्या, बाई." मग म्हणाले, "दुसऱ्याचं झाकन फुगलं हाय वो. पोळीवानी."

तेव्हा तिला कागद आठवला. दगडाखालचा दोरा तिने ओढला. कागद वर आला तो काळा होता. कडेला पांढरा नाही, कुठे तपकिरी नाही, सगळा काळा.

जी गोष्ट ती दर वर्षी मुलांना शिकवायची ती तिच्या अंगावरून बर्फासारखी गेली. हा वायू थोडा असला तर नाकाला कळतो. फार झाला तर तो आधी नाकच मारतो. वास गेला नव्हता. तिचं नाक गेलं होतं.

"झाकन खोलू नका!"

खालून फस्स असा आवाज आला. रामाजी "थांब, हे बग," एवढं म्हणाले आणि पुढचं बोललेच नाहीत. पडल्याचाही आवाज नव्हता. ते भिंतीला टेकून हळूच खाली बसले, एखादा माणूस जेवण झाल्यावर बसतो तसे.

अश्विनने चपला फेकल्या आणि पहिल्या सळईवर पाय ठेवला. नूतनने त्याचे केस धरले. हाताला तेच लागले.

"सोड! बाबा हाय तिथी!"

"उतरला तं तूबी तिथीच राहशीन. दोर वढ."

"सोड म्हनतो ना तुले!" त्याने तिला कोपर मारलं. तिचा ओठ फुटला. तिने केस सोडले नाहीत. लहानपणापासून घराला तिच्या भीतीचा कंटाळा होता, पण त्या वेळी ती भीती त्याच्यापेक्षा ताकदवान होती. अशा खड्ड्यात पहिल्या माणसामागे दुसरा उतरतो आणि त्याच्यामागे तिसरा, हे तिला अक्षर अक्षर माहीत होतं.

"वढ, अश्विन. श्वास धरून वढ."

त्याने दोर धरला. दोघांनी ओढला. मध्ये रामाजींचा खांदा सळईत अडकला आणि दोर ताठ होऊन थांबला. वरून नुसतं त्यांचं पांढरं डोकं दिसत होतं, एका बाजूला कललेलं. दोर थोडा सैल सोडून पुन्हा ओढावा लागणार होता. वडिलांना पुन्हा त्या वायूत खाली सोडायचं होतं. तिने सोडलं. मग ओढलं. खांदा सुटला.

वर आले तेव्हा त्यांचे ओठ जांभळे होते. वाऱ्यात ओढत नेऊन ती त्यांची छाती दाबत राहिली. बऱ्याच वेळाने त्यांनी माशासारखा एक श्वास घेतला.

राजुऱ्याहून चंद्रपूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुस सुधारेल, नशीबवान आहात. रामाजी चालत घरी आले. अश्विन काही दिवस बहिणीशी बोलला नाही. मग एकदा टाळूवर हात फिरवत म्हणाला, "जीव वाचवला ते ठीक हाय. पन माह्यं लगन व्हाचं होतं ना, केस काऊन उपटले?" तेव्हा घर पहिल्यांदा हसलं.

नूतन मात्र एका गोष्टीपाशी अडून होती. ऐनाच्या काढ्याने जिवाणू मरायला हवे होते. मग काढ्याचंच पिंप का फुगलं?

मोहफुलांचे दिवस सुरू झाले होते. अंगण पिवळसर फुलांनी भरलं होतं आणि त्या गोड, जड वासाने घरातल्या भांड्यांपर्यंत सगळं माखलं होतं. गिरजाबाई फुलं पसरवत होत्या.

"आई, साल कायच्या पान्यात उकळली होती तू?"

"बैलाईसाठी जुना मोहा शिजवला होता. त्याच पान्यात." गिरजाबाईंनी मान वर केली. "गोड पानी फेकाचं कायले? म्हटलं, तुह्या कामाले लागन. चांगलं दाट झालतं ना?"

साखर. त्या अंधारात तिच्या आईने जिवाणूंना पोटभर जेवायला वाढलं होतं. नूतनने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यावर शाबासकीची वाट पाहणं होतं.

"दाट झालतं," ती म्हणाली.

रामाजी खाटेवर बसले होते. त्यांनी वाकून ओंजळभर फुलं उचलली, नाकाशी नेली, पुन्हा नेली.

"यंदाच्या मोहाले वासच नाई, गिरजे. थंडी कमी पडली असन."

"सारं आंगन घमघमून राह्यलं," गिरजाबाई हसल्या. "नाक कुठी ठेवून आले?"

नूतन हसली नाही. ती आत गेली. पाट्यावर लसणाच्या पाकळ्या ठेचल्या, इतक्या की तिच्याच डोळ्यांना पाणी आलं. तळहातावर तो गोळा घेऊन ती खाटेपाशी आली.

"बाबा, डोळे मिटा."

त्यांनी लहान मुलासारखे डोळे मिटले. तिने हात त्यांच्या नाकाखाली धरला, अगदी मिशीला लागेल असा. रामाजी शांतपणे श्वास घेत होते, आत, बाहेर, आत.

"आन ना मंग," ते डोळे मिटूनच म्हणाले. "कवाचा बसलो हाव."