समुद्र सात तासांवर

लॉजच्या काउंटरवर वीस वर्षं बसलं की दोन गोष्टी साचतात. गिऱ्हाइकांनी विसरलेले चार्जर आणि किस्से. चार्जर शेठ घरी नेतात, किस्से राहतात माझ्याकडं!

आमचं लॉज नगरला, एसटी स्टँडच्या समोर. अजिंठा-वेरूळला निघालेले बॅकपॅकर पाठीवर बोचकं घेऊन एखादी रात्र इथं टेकतात. मी मॅनेजर. पायाला भिंगरी, आणि बुडाला खुर्ची! दर पाच मिनिटांनी दारात जाऊन सुटणाऱ्या गाड्यांच्या पाट्या वाचून येतो, मग परत बसतो.

घरी, भिंगारला, बायको. शोभानं लग्न झाल्यावर एकच मागणं केलं होतं, समुद्र दाखवा. सव्वीस वर्षं झाली. दर वर्षी सुट्टी ठरते, दर वर्षी काहीतरी आडवं येतं.

*

लॉजच्या रजिस्टरात एक रकाना असतो, 'येण्याचे कारण'. आपली माणसं लिहितात: लग्न, कोर्ट, दवाखाना. विषय संपला.

एक जर्मन पोरगा आला. पेन घेतलं आणि लिहीतच सुटला. रकाना भरला, शेजारचा भरला, खालच्या चार गिऱ्हाइकांची जागा खाल्ली! नोकरी सोडली, आईशी पटत नाही, मनाला शांतता नाही, असं बरंच काही.

आमच्या खोल्या सांभाळणारे बबनराव, मिरजगावचे, साठीचे. त्यांना मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, "एवढं लिवण्यापरीस आईला एक फोन केला असता, तर पोरगं घरीच राह्यलं असतं की!"

*

बबनरावांचा एक नेम आहे. पाहुण्याची बॅग पाहुण्यानं उचलायची नाही. आणि बॅकपॅकर तर बॅगेला हात लावू देत नाहीत.

एका उंच गोऱ्याशी त्यांची जिन्यातच ओढाताण झाली. "नो नो, आय कॅरी!" इकडून बबनराव, "आरं सोड की बाबा!" शेवटी गोऱ्यानं बॅग पाठीवर टाकली, आणि वर बबनरावांच्या हातातली पाण्याची बादलीही घेऊन गेला.

बबनराव रिकाम्या हातानं खाली आले. चेहरा पडलेला. "साहेब, मग आमी हितं कशाला हाय?"

मी त्यांना चहा पाजला, तेव्हा कुठं माणसात आले.

*

एकानं मला विचारलं, "कोणती बस चांगली?"

म्हटलं, "जायचंय कुठं?"

"जी आधी सुटेल तिच्यात."

मी डोक्याला हात लावला. बबनरावांनी मात्र संधी साधली. त्याला थेट मिरजगावच्या गाडीत बसवलं, हातात बायकोच्या गुडघ्याच्या तेलाची बाटली दिली आणि चिठ्ठीवर घराचा पत्ता!

गडी चार दिवसांनी उगवला. नाक भाजलेलं, हाताला फोड. ज्वारी काढून आला होता! मी विचारलं, काय काय पाहिलं? म्हणाला, "पाहायला वेळच नव्हता. सगळे जेवायला बोलवत होते."

बबनराव खूश. "मंडळींचा फोन आल्ता. म्हनली, पुढल्या हंगामाला ह्योच धाडा."

*

दोन वर्षं फिरत असलेलं एक जोडपं आलं. चावी घेताना बाईनं मला विचारलं, "तुम्ही कुठं कुठं फिरलात?"

"शिर्डी. पुणे."

"समुद्र किती लांब आहे इथून?"

"सात तास."

"फक्त?"

ते 'फक्त' मला दिवसभर टोचत राहिलं. आणि मी शहाणा, घरी जाऊन शोभाला सांगून बसलो! तिच्या हातातलं लाटणं थांबलं.

"सात तास? मला वाटलं दोन दिवस लागतात. म्हणून मी गप्प होते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्याच दिवशी शेठकडून तीन दिवसांची रजा घेतली.

*

निघायच्या आदल्या दिवशी कोलकात्याची एक पोरगी आली, एकटी. स्टँडवर काहीबाही खाल्लेलं, अंगात ताप फणफणलेला. शेठ गावाला गेलेले. असं लेकरू टाकून जायचं कसं? शोभाच घरून मऊ भात घेऊन आली. तीन दिवस तिच्या उशाशी बसली. रजा तिथंच संपली.

पोरगी उठून बसली, तेव्हा तिला सगळं कळलं. म्हणाली, "आंटी, छुट्टी तो अंकल की रद्द हुई थी. आप क्यों नहीं गईं?"

शोभा हसली नाही. मी पटकन म्हणालो, "पुढच्या महिन्यात नक्की!"

त्यावर तिनं भाताचं भांडं आवरायला घेतलं. ते मला बरं लक्षण वाटलं.

*

आठवड्यानं सकाळी शोभा काउंटरवर आली. खांद्याला सासरी गेलेल्या लेकीची कॉलेजची सॅक, पायात चप्पल.

"पुण्याची गाडी लागलीय ना? तिथं बदलून अलिबाग."

"कोण चाललंय?"

"मी."

"एकटी? अगं, पुढच्या महिन्यात..."

"तुमचा पुढचा महिना तुम्हालाच राहू द्या. भाकरी टोपल्यात आहेत, पिठलं गरम करून घ्या." आणि निघालीसुद्धा! मी दारात उभा. गाडी वळली, पाटी दिसेनाशी झाली, तरी मी उभाच. आतून शेठ हाका मारत होते.

दिवस कसा गेला, माझं मला माहीत. तीनदा चुकीच्या चाव्या दिल्या. फोन लावावा तर रेंज नाही.

सूर्य कलला तेव्हा व्हिडिओ कॉल आला. काउंटरसमोर चार बॅकपॅकर खोळंबलेले. मी कॉल घेतला. स्क्रीनभर पाणी, आणि वाऱ्याचा नुसता घोंघाट.

"दिसतोय का?" शोभा ओरडून विचारत होती.

"दिसतोय."

"केवढा आहे हो!" मग स्क्रीन हिंदकळली, लाटा जवळ जवळ यायला लागल्या.

"शोभा? आत जाऊ नको हं लांब!"

"कशी जाणार? एका हातात चप्पल, एका हातात तुम्ही. साडी कोण धरणार? ठेवते."