मागच्या खोलीचं कुलूप

गल्लीत घर बघायला आलेला माणूस लगेच ओळखू येतो. तो वर बघत चालतो. इथले राहणारे खाली बघून चालतात, कारण फरशी कुठे उखडलीय ते त्यांना पाठ असतं. नवखा मात्र गॅलऱ्या आणि खिडक्या न्याहाळत येतो आणि बेकरीपुढच्या गटाराच्या सैल झाकणावर हमखास अडखळतो. मग कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून इकडेतिकडे बघतो, तर समोर कुलूपकाका.

कुलूपकाकांचं दुकान म्हणजे एका जुन्या दुमजली घराचा पुढचा कोनाडा. दीड माणूस मावेल एवढा, आणि त्यातली अर्ध्या माणसाची जागा चाव्या कापायच्या यंत्राने घेतलेली. मागे एक खोली, तिला लागून ओटा आणि मोरी. एवढ्यात काका-काकू एकतीस वर्षं भाड्याने राहत होते. वरच्या मजल्यावर घरमालकीण आजी. कागदपत्रं काही नव्हती. "मी आहे तोवर तुम्ही आहात," हा आजींचा शब्द, तेवढाच. जगाला तीन-तीन खटक्यांची कुलपं बसवून देणारा हा माणूस स्वतः एका म्हातारीच्या शब्दावर बिनघोर झोपत होता.

ही वस्ती एके काळी शहराबाहेर होती म्हणे. शहर पसरत गेलं आणि ती न हलता मध्यात आली. आता ऑफिस चालत, शाळा चालत, दवाखाना चालत, म्हणून लोकांच्या उड्या पडतात. घरं एवढीशी आणि भाव आभाळाला भिडलेले. आयुष्यभराची कमाई ओतायची तर माणूस आधी कुणाला तरी विचारणारच, आणि चोऱ्या होतात का हे कुलूपवाल्याइतकं कुणाला ठाऊक? काका कानस बाजूला ठेवून जे असेल ते सांगत. इस्टेट एजंट तर उचलली जीभ लावली टाळ्याला या जातीचा, पण गिऱ्हाईक डळमळलं की तोसुद्धा त्याला काकांपुढे आणून उभं करी. "यांना विचारा. हे खोटं बोलत नाहीत," असं म्हणे, म्हणजे आपण बोलतो हे त्याला मान्य होतं.

धंद्याचे दोन नियम काकांनी कधी मोडले नाहीत. एक, नव्या कुलपाच्या सगळ्या चाव्या मालकाच्या हातात द्यायच्या, आपल्याकडे एकही ठेवायची नाही. दोन, मालक समोर असल्याशिवाय कुलपात तार घालून ते उघडायचं नाही. एकदा एक सुटाबुटातला माणूस दारात रडला होता की आत औषधं राहिलीत, उघडा. घर मेव्हण्याचं होतं. काकांनी त्याला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, मेव्हणा येईपर्यंत दोन तास त्याच्या शिव्या खाल्ल्या, पण दार उघडलं नाही. या ताठ्यापायी गिऱ्हाईक किती गेलं ते विचारू नका.

आता काकूंचं. काकूंचे डोळे काचबिंदूने गेले. एकदम नाही, अकरा वर्षं लागली, कडेकडेने अंधार येत गेला. तेवढ्या वेळात त्यांनी गल्ली अंगात मुरवून घेतली. दारापासून बेकरी चौसष्ट पावलं, सैल झाकण एकोणसाठाव्या पावलाला. छापखान्याच्या शाईचा वास आला की उजवीकडे वळायचं, तिथून दवाखाना. शाळेच्या घंटेवर घरातली कामं. काकू येताना दिसल्या की भाजीवाला बोलता बोलता पायाने टोपली आत सरकवी आणि मोटारसायकलवाले मुकाट गाडी हलवत. बाईंच्या हातात काठी नव्हती. गळ्यात दोरीला बांधलेली खोलीची चावी तेवढी असे, आणि ती पहिल्या झटक्यात भोकात जाई. "मला घराबाहेर दिसत नाही असं कोण म्हणतं? मला फक्त या गल्लीबाहेर दिसत नाही," असं त्या म्हणत आणि स्वतःच हसत.

आजी गेल्या. परदेशातल्या मुलाने महिन्याभरात घर विकायला काढलं. मुलगा वाईट नव्हता, त्याला हे घर नको होतं एवढंच. एजंटने वरच्या मजल्याच्या चाव्या काकांच्याच हातात दिल्या. "तुम्ही दाखवत जा लोकांना. मला रोज कुठे जमणार? आणि तुमच्यावर विश्वास आहे सगळ्यांचा."

विश्वास! काकांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. काकूंनी मात्र डोकं चालवलं.

"अहो, खोटं बोलू नका. तुम्हाला जमणारही नाही. खरंच सांगा, फक्त सगळं सांगा."

आणि काकांनी सगळं सांगायला सुरुवात केली. पश्चिमेची भिंत ओल धरते. नवाच्या पुढे वर पाणी चढत नाही. गाडी लावायला जागा नाही, आणि लावलीत तर सकाळी निघायला जागा नाही. छापखाना धडधडतो. शाळेची घंटा साडेसातला होते आणि कानात होते. शेजारी शिंकला तर ऐकू येतं, इतकंच नाही, तुम्ही शिंकलात की तो औषध घेऊन येतो. पहिलं कुटुंब जिन्यावरूनच परतलं. दुसऱ्याने भिंतीला बोट लावून बघितलं आणि बोट रुमालाला पुसलं. तिसरा म्हणाला, कळवतो. काकू आत बसून ऐकत आणि दार लागलं की विचारत, "गेले?" काका म्हणत, "गेले." मग दोघं चहा घेत. त्या पाच आठवड्यांत दोघांनी जितक्या आनंदाने चहा घेतला तितक्या आनंदाने लग्नानंतर कधी घेतला नसेल.

चौथं जोडपं आलं ते एका शनिवारी दुपारी. ती चष्मेवाली, प्रयोगशाळेत कामाला. तो उंच, दाराची चौकट कपाळाला लागली तरी सॉरी म्हणणारा. सोबत एजंट. काकांनी ओल, पाणी, गाडी, छापखाना, घंटा, शिंक, काही म्हणता काही सोडलं नाही. एजंटचा चेहरा उतरत गेला. चष्मेवालीने सगळं ऐकून घेतलं आणि साधा प्रश्न विचारला.

"मग काका, तुम्ही एकतीस वर्षं कसे राहिलात इथे?"

याची तयारी काकांनी केली नव्हती. त्यांनी तोंड उघडलं आणि नेमक्या त्याच वेळी काकू बेकरीतून येताना दिसल्या. पिशवीत पाव, मान ताठ, झाकणाला बरोबर वळसा. काका बोलत सुटले.

"ती बघा, माझी बायको. तिला काही दिसत नाही. पण आता बघा, तो भाजीवाला टोपली सरकवेल. सरकवली? त्याला कुणी सांगितलेलं नाही. पावात वजन कमी पडलं तर बेकरीवाला स्वतः आणून देतो. मागे मी आठ दिवस तापाने पडलो, तर दवाखान्यातली नर्स घरी जाताना डोकावून जायची. इथे हिला कुणाचा हात धरावा लागत नाही. हिचे डोळे गेले ते हिच्या चेहऱ्यावरचे गेले. बाकीचे या गल्लीत आहेत."

बोलून झाल्यावर काका थांबले. चष्मेवालीने चष्मा काढला होता आणि ओढणीच्या टोकाने काच पुसत होती.

"हेच घेऊ या," ती नवऱ्याला म्हणाली. "बाबांना जिना चढवत नाही. ही खालची मागची खोली त्यांना होईल."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. काकांनी एकतीस वर्षांत गल्लीचं इतकं गुणगान कधी केलं नव्हतं, आणि केलं ते नेमकं त्या दिवशी. काकूंना त्यांनी त्या दिवशी "गेले" असं सांगितलं नाही. काकूंनीही विचारलं नाही, दाराशी येता येता सगळं ऐकू आलं होतं. चहा दोघांचाही निवून गेला.

जोडपं भलं होतं, हीच पंचाईत. वाईट असतं तर भांडता आलं असतं. "घाई नाही काका, दोन महिने घ्या," असं ते म्हणाले. काकांनी दोन महिने आजूबाजूला खोल्या शोधल्या. परवडणारी एकच सापडली, चौथ्या मजल्यावर, बिनलिफ्टची; या वयात ते जिने रोज चढणं दोघांनाही जमणारं नव्हतं. शेवटी भाची पुढे आली. ती शहराच्या पार टोकाला नव्या संकुलात राहते, एकोणिसावा मजला. तिथे काकूंना एक दिवस नेलं. लिफ्टमध्ये बटणं सपाट, बोटाला काही कळेना. खाली रस्ता इतका रुंद की पलीकडच्या गाड्यांचा आवाज कुठून येतोय ते कळेना. काकू अकरा पावलं मोजून चालल्या आणि उभ्या राहिल्या.

"मामी, तुम्ही बाहेर जायचंच कशाला? सगळं घरपोच येतं," भाची मायेने म्हणाली.

"हो गं," काकू म्हणाल्या.

जायचा दिवस उजाडला. सामान ते काय, चाव्यांचं यंत्र धरूनही अर्धा टेम्पो भरला नाही. काकू गल्लीचा निरोप घ्यायला बाहेर पडल्या, आणि दहाच्या सुमारास जोडपं आलं. संध्याकाळी त्यांचं सामान येणार होतं.

"काका, एक काम होतं. सांगायला बरं वाटत नाही," चष्मेवाली म्हणाली. "सगळी कुलपं बदलायची आहेत. दुसऱ्या कुणाला बोलवायला मन होत नाही."

नवं घर घेतलं की माणूस पहिलं काम हेच करतो. काकांनी आयुष्यात हजारो वेळा केलं होतं, आणि त्यात त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. त्यांनी पुढचं दार केलं, जिन्याचं केलं, मग घराशेजारच्या बोळातून जाऊन मागच्या खोलीचं. जुनं कुलूप काढताना त्यांचा स्क्रू दोनदा खाली पडला. नवं बसवलं, आतून-बाहेरून चार वेळा फिरवून बघितलं. तीन दारांच्या नऊ चाव्या मोजून चष्मेवालीच्या हातावर ठेवल्या. मजुरी घेतली नाही. मग ती नवरा-बायको दारं लावून बाबांना आणायला गेली.

काकू परत आल्या तेव्हा भाची बोळाच्या तोंडाशी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसली होती. काकूंच्या हातात पावाची पिशवी, बेकरीवाल्याने पैसे घेतले नव्हते.

"चढा मामी," भाची म्हणाली.

"थांब गं. खोलीत एकदा जाऊन येते. भिंतींना हात लावून येते."

आणि त्या बोळात शिरल्यासुद्धा, भरभर, एक हात गळ्यातल्या चावीवर. अगं, थांब, असं काकांना म्हणायचं होतं. ते पेटी उचलून मागे धावले.

काकूंनी दाराशी थांबून चावी लावली. ती अर्धीच गेली. त्यांनी काढली, बोटांनी चाचपली, पदराला पुसली, परत लावली.

"अहो, लागत नाही हो. माझाच हात चुकतोय का?"

काका अवजारांची पेटी घेऊन मागे उभे. त्यात तार होती. अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

"मामा, उघडून द्या ना त्यांना," भाचीने टेम्पोतून हाक मारली. "कोण बघतंय!"

मालक समोर नव्हते. काकांचा हात पेटीच्या कडीवर गेला आणि तिथेच राहिला.

"कुलूप बिघडलंय वाटतं," काकू म्हणाल्या. "बघा ना जरा. तुम्हाला येईल."

"कुलूप चांगलं आहे गं," काका म्हणाले. "सकाळी मीच बसवलंय."

काकूंनी चावी काढून घेतली. मग नव्या कुलपावरून, चारही बाजूंनी, लाकडाच्या कडेपर्यंत त्यांनी सावकाश बोटं फिरवली.

"छान बसलंय," त्या म्हणाल्या.