चाकात खेळ आहे

धोमणे काका पहिल्यांदा माझ्या दुकानात आले ते दारातून थेट स्टेअरिंगपाशी गेले. नमस्कार नाही, किंमत विचारणं नाही, समोर कोण बसलंय याची दखल नाही. आमच्या शहरातल्या गोरखपूर नावाच्या मोहल्ल्याच्या बाजारात माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. विक्री कमी, दुरुस्ती जास्त. रेसिंगचे गेम खेळणाऱ्या पोरांना बघायला म्हणून एक स्टेअरिंग मी टेबलाला कसून ठेवलं होतं, खाली दोन पेडलं. काकांनी ते चाक चिमटीत धरलं, बोटभर इकडं, बोटभर तिकडं हलवलं आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "याच्या चाकात खेळ आहे."

"काका, खेळाचंच आहे ते," मी म्हटलं आणि हसले.

"काहून हासून राह्यली? मालकाले बोलाव."

"मालक मीच."

"मंग मशीनवाल्याले बोलाव."

"मशीनवालाही मीच. बोला आता."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्यासाठी मान वर-खाली करावी लागली, कारण त्यांची नजर तेव्हाच आक्रसत चालली होती. मग खुर्ची ओढून बसले आणि मला शिकवणी सुरू केली. आपण चाक वळवतो, पण टायरला त्याचा पत्ताच नसतो, ती मधली पोकळ जागा म्हणजे खेळ. कारखान्यात साहेब लोक त्याला 'प्ले' म्हणत, मराठी माणसं 'खेळ' म्हणत. "ज्या गाडीच्या चाकात खेळ आहे ते गाडी फौजेले देत नाही आपण. वापस लाइनीवर. समजलं?" मी म्हटलं, समजलं. खरं म्हणजे मला राग आला होता. पण शब्द डोक्यात बसला.

आधीच सांगून ठेवते, काका फार गोड म्हातारे होते वगैरे मी काही म्हणणार नाही. मेलेल्या माणसाबद्दल खोटं गोड बोलायची आपल्याकडे रीत आहे, माझ्याच्यानं ती होत नाही. माणूस अहंकारी, फाटक्या तोंडाचा आणि हट्टी. माझी चार गिऱ्हाइकं त्यांनी पळवून लावली. एका पोराला म्हणाले, "तू हे घेऊ नको, तुले सायकलची घंटी पुरे." तो पोरगा पुन्हा कधी दुकानाची पायरी चढला नाही.

फौजी ट्रक बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी उभी हयात काढली होती. नवा ट्रक तयार झाला की तो आधी यांच्या हाती यायचा. सिहोऱ्याच्या रस्त्याला नेऊन, पळवून, आपटून, ब्रेक मारून बघायचा आणि मग पास की नापास ते सांगायचं. ही सवय अंगात इतकी मुरली होती की खुर्चीत बसूनही त्यांचा डावा पाय क्लच दाबायचा. गप्पांत आवडता विषय निघाला की पाय हलकेच खाली जायचा, डावा हात मांडीजवळ पुढं सरकायचा, गिअर वर. समोरचा माणूस फेकाफेक करायला लागला की पुन्हा पाय, पुन्हा हात, गिअर खाली. आपलं बोलणं काकांना पटतंय का, हे मी त्यांच्या तोंडाकडं न बघता पायाकडं बघून ओळखायची.

काचबिंदूनं त्यांची नजर दोन्ही बाजूंनी खात आणली होती. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं. ते मानणारे नव्हतेच. घरी एक जुनी जीप होती, लिलावात घेतलेली, बायको गेल्यावर तीच त्यांची सोबत. डोळ्याच्या ऑपरेशनला पुण्याहून मुलगा आला, प्रशांत, एकुलता एक. काका दवाखान्यात असतानाच त्यानं ती जीप शहपुऱ्याच्या कुणाला तरी विकून टाकली. काका पट्टी बांधून घरी आले तर पोर्चमध्ये तेलाचा डाग तेवढा. मुलाचं म्हणणं, पापांच्याच भल्यासाठी. भल्यासाठीच असेल. त्या नजरेनं त्यांनी कुणाला तरी उडवलं असतं. पण विकायच्या आधी विचारायला काय जात होतं? नको म्हणाले असते, भांडले असते, मग विकायची. भांडायचा हक्कसुद्धा ठेवला नाही हो म्हाताऱ्याला.

जाताना मुलगा त्यांची समजूत काढायला म्हणाला, "पापा, अब घर बैठे कंप्यूटर पे चलाओ, जितनी चलानी है. व्हील मैं भेज दूँगा." तो बोलला आणि विसरला असणार. काकांनी ते शब्द गाठीला बांधले आणि कोणतं चाक मागायचं ते ठरवायला माझ्याकडं यायला लागले.

मग काय, रोज दुपारी स्वारी हजर. एक जलेबीचा पुडा आणायचे आणि त्यातली अर्धी स्वतःच खायचे. मी त्यांना दुकानातली, ओळखीच्या दुकानदारांची, गिऱ्हाइकांनी दुरुस्तीला टाकलेली अशी मिळतील ती चाकं जोडून दाखवली. काका परीक्षकासारखे बसत आणि एकेक नापास करत. हे अर्ध्या फेऱ्यात संपते, ट्रक का असा वळते? हे सोडलं की रबरानं ओढल्यासारखं मधात येते, याच्यात जीव नाही. हे पेडल फरशीवर पळून राह्यले, याले आधी खुट्याला बांधा. आणि सगळ्यांत मोठा गुन्हा म्हणजे दोनच पेडलं. "क्लच कुठंय? डावा पाय का हवेत ठेवू?" ब्रेकबद्दल त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "ब्रेक पायानं नाही लागत बाई, कमरेनं लागते. याचा ब्रेक तर चपलेनंच लागून राह्यला." मी चिडून म्हणायची, "काका, तुम्हाला खेळायचंय की कारखाना काढायचाय?" त्यावर डावा पाय खाली, गिअर खाली.

एकदा माझ्याकडं एक चांगलं चाक आलं. तीन पेडलं, ब्रेक दाबाल तसा कडक होत जाणारा, वेगळा गिअरचा दांडा. चाक कितीतरी फेरे वळणारं आणि आत मोटर, त्यामुळं गेममधल्या रस्त्याचा खड्डा, कच्ची कड, टायरची ओढ सगळं हाताला कळतं. काकांनी दांडा डाव्या हाताला लावायला लावला. मी ट्रक चालवायचा गेम सुरू करून दिला. गेम परदेशी, म्हणून आधी रस्त्याच्या उजव्या बाजूनं जाणाऱ्या गाड्यांना शिव्या घालून झाल्या. मग चिमटीत धरून हलवून पाहिलं, आणि नापास केलं नाही. बराच वेळ नीट चालवत राहिले, आणि अचानक माझ्या लक्षात आलं की त्यांनी डोळे मिटलेत.

"काका, झोपलात का?"

"गप. कड लागली." चाक हातात थरथरत होतं. त्यांनी हलकेच डावीकडं घेतलं, थरथर थांबली. "पाह्यलं? मले दिसून नाही राह्यलं, पण हे सांगून राह्यलं." पुढच्या वळणावर ट्रक खड्ड्यात गेला, ती गोष्ट वेगळी. पण ते हसत होते. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहत होते.

तेव्हा मला कळलं की इतके दिवस म्हातारा काय शोधत होता. सहा महिन्यांत म्हणा, वर्षात म्हणा, डोळे पूर्ण जाणार होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मुलालाही माहीत होतं. डोळे गेल्यावरही रस्ता हाताला कळत राहील असं एक चाक त्यांना हवं होतं. आणि डोळे शाबूत आहेत तोवर त्या चाकाची भाषा हाताला शिकवून ठेवायची होती. मी म्हटलं, "काका, हे आजच घेऊन जा."

"तुझं काहून? प्रशांत पाठवणार आहे."

"मग तुम्ही घ्या विकत. पेन्शन काय उरावर घेऊन जाणार आहात?"

"नाही," ते म्हणाले. "गाडी त्यानं नेली. चाक त्यानंच द्यावं."

बस्स. त्याच्यापुढं ब्रह्मदेवाचं चाललं नसतं. माझ्या दुकानातूनच त्यांनी फोन लावला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा. कोणतं चाक, किती पेडलं, ब्रेक कसा, सगळं सांगितलं. मुलाचं घरातलं मराठी लहानपणीच हिंदीत विरलेलं. समजायचं बरंचसं, बोलणं बहुतेक हिंदीत. "हाँ पापा, ठीक है पापा, भेजता हूँ," आणि मागं कुणाशी तरी तो ऑफिसचं बोलत होता. मी मॉडेलचं नाव मेसेजवर पाठवलं. त्याला निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

पार्सल आलं. काका रिक्षा करून ते न उघडता माझ्याकडं घेऊन आले, नव्या सुनेचा पेटारा आणावा तसं मांडीवर धरून. मी उघडलं. रबराच्या चोषक वाट्यांनी टेबलाला चिकटणारं चाक, अर्ध्या फेऱ्यात संपणारं, आत मोटर नाही, दोन पेडलं. त्यांनी पहिल्या दिवशी नापास केलेलं, अगदी त्याच जातीचं. मुलगा शोधत बसला नव्हता. जे आधी दिसलं ते त्यानं मागवून टाकलं होतं.

काकांनी चिमटीत धरून हलवलं. फोन लावला. "मिळालं रे. पण याच्या चाकात खेळ आहे."

"हाँ पापा," पलीकडून हसत आवाज आला, "गेम ही तो है. मज़ा आ रहा है ना?"

काकांचा डावा पाय खाली गेला आणि तसाच राहिला. मी फोन हिसकावायला हात पुढं केला तर त्यांनी मनगट धरलं. ट्रक पेलणारा हात, मला हलता आलं नाही. "हो," ते फोनवर म्हणाले, "मजा येते. चलो, ठेवतो."

आता, हीच चूक पहिल्या दिवशी मीही केली होती, हसण्यासकट. पण मी नंतर समजून घेतलं तरी. ज्याच्या घरात तो शब्द लहानपणापासून जेवणाच्या ताटावर ऐकू येत होता, त्याला तो कळू नये? मला राहवलं नाही. काका घरी गेल्यावर मी स्वतः प्रशांतला फोन केला आणि जे तोंडाला आलं ते बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दीदी, आप उनको कब से जानती हो? मी सोळा वर्षांचा होतो. गाडी शिकवायचे. हात ज़रा ढीला पडा कि पाना. बोटांवर. आज भी मैं गाडी नहीं चलाता, टॅक्सीनं जातो. मेरे को स्टेअरिंग देखके पसीना आता है. और आप बोल रही हो, ठीक से पसंद करके क्यों नहीं भेजा!"

मी फोन ठेवला. राग मात्र गेला नाही, उलट दोघांचाही यायला लागला. दुसऱ्या दिवशी मी काकांनाच फटकन विचारलं, "पोराच्या बोटांवर पाना मारायचे का तुम्ही?"

"मारायचो," ते म्हणाले, मी चहाला साखर विचारल्यासारखं. "हात ढिले सोडे तो. माझ्या उस्तादानं मलेही मारले. मी शिकलो." मग म्हणाले, "तो नाही शिकला." एवढंच. वाटलं होतं, कुठंतरी ओल दिसेल. कशाची ओल! उठले आणि काठी टेकत निघून गेले.

त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. मीच कधीमधी घरी जायची. मुलानं दिलेलं चाक टेबलाला चिकटवलेलं, पेडलं पळू नयेत म्हणून मागं बायकोच्या हातचा जुना पाटा टेकवलेला. डावा पाय नसलेल्या क्लचवर. मी म्हटलं, माझं चांगलं चाक आणून लावते, कुणाला सांगणार नाही. म्हणाले, "शेजारी पाजारी विचारतात, पोरानं काय देल्लं? हे दाखवतो. दुसरं लावलं तर काय सांगू? चालते हे." 'चालते' म्हणताना त्यांनी चाक हलवलं नाही. हलवलं असतं तर खेळ लागला असता हाताला.

पुढं डोळे गेले. शेवटी मी गेले तेव्हा दिवसाउजेडी ते चाक धरून बसले होते आणि कॉम्प्युटर बंदच होता. "काका, मशीन चालू करू?" म्हटलं तर म्हणाले, "नको. याले चालू-बंद सारखंच." त्या मुक्या चाकावर दोन्ही हात, पकड तशीच घट्ट. मला रडू आलं आणि चीडही आली, त्यांची, त्यांच्या पोराची, त्या उस्तादाची, सगळ्या खानदानाच्या घट्ट पकडीची.

थंडीत ते गेले. तेरवीला मी गेले तर हॉलमध्ये फोटो, फोटोला हार, आणि समोर पाटावर तेच चाक. त्यालाही हार घातलेला, दोन पेडलं शेजारी पुसून ठेवलेली. प्रशांत आल्या-गेल्याला सांगत होता, "पापा को गेम का बहुत शौक था. आखरी तक यही खेलते थे." लोक माना डोलावत होते, मुलगा असावा तर असा.

मी नमस्काराला वाकले आणि माझी बोटं आपोआप त्या चाकाकडं गेली. चिमटीत धरून हलवलं. बोटभर इकडं, बोटभर तिकडं. "प्रशांत," मी म्हटलं, "याच्या चाकात खेळ आहे."

"हाँ दीदी," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "पापाही फोनवर हेच म्हणाले होते."

आता सांगून टाकावं, मी ठरवलं. शब्दाचा अर्थ सांगावा, मिटलेल्या डोळ्यांचं सांगावं, त्या चांगल्या चाकाचं सांगावं. जन्मभर सलू दे. तेवढ्यात त्यानं खिरीचा द्रोण माझ्यापुढं धरला. त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख वाकडं उगवलेलं होतं, मुळापासून, कायमचं.

मी द्रोण घेतला आणि पंगतीत जाऊन बसले.