मुंजाबानं धुराच्या मालकाला बोलावलं

आमचा चुलत दीर मुंजाबा आईचं दूधसुद्धा हुंगून प्यायला असंल. स्वतःच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना ह्यानं वाकून खालनं बघितलं, नवरी तीच हाय का म्हणून. त्याची बायको सुगंधाबाई अजून त्यावरून टोमणे मारती.

शेंद्र्याकडं कारखाने आले अन् मेंढरं चारायची रानं गेली. राहिली एक टेकडी. दुष्काळात माणसांसाठी टँकर तरी यायचा. मेंढरं जगली ती ह्या टेकडीवरच्या बाभळीच्या पाल्यावर.

त्या टेकडीसाठी कुठल्याशा कंपनीचा एक पोरगा आला, विश्वजीत नावाचा. बोलायला गोड. पारावर सगळ्यांना बसवून म्हणाला, "टेकडीवर झाडं लावू, तारेचं कुंपण घालू. मेंढरं आत नकोत. झाडं हवेतला धूर ओढतील, त्याचा मोबदला गावाला."

"मोबदला देणार कोण?" मुंजाबानं विचारलं.

"परदेशातला एक कारखाना. त्यांच्या धुराची भरपाई म्हणून."

"म्हंजी त्यो धूर बंद करणार?"

"बंद नाही, काका. तिकडं सोडतील तेवढा इथं भरून निघेल."

"मंग सुगंधा, आजपासून माझे सोमवार तू धर. मी मटण खातो. भरून निघंल."

"अन् रांधणार कोण, तो कारखाना?" सुगंधाबाई म्हणाली.

बाकी गाव राजी होतं. शाळेवर नवे पत्रे पडणार होते, मला बी वाटलं घ्यावं. "भावजी, लई ताणू नका," मी म्हणले.

तवा मुंजाबानं कमरेची पिशवी सोडली. आमच्यात शब्द द्यायचा तर तळहातावर भंडारा घेऊन द्यायचा. देवाची हळद ती. खोट्यासाठी उचलायची कुणाची छाती नाय.

"टेकडीवर एक मेंढरू चढणार नाय, मी उचलतो," मुंजाबा म्हणाला. "त्या धुराच्या मालकानं उचलावं, त्याचा धूर घटंल म्हणून. बोलव त्याला."

"ते कसे येतील, काका?"

"मंग त्याच्या वतीनं तू उचल."

पोरानं हात पुढं केला. हळद पडायच्या आत मूठ मिटली. "मला ते ठाऊक नाही," म्हणाला.

 मघाशी माना डोलावणारे पटके सावरत उठले.

कंपनीनं आधीच आणून टाकलेले कुंपणाचे खांब अजून देवळामागं पडून हायेत. "पोरगं खरं बोललं की," मी भावजींना म्हणले.

"व्हय," मुंजाबा म्हणाला, "म्हणून तर भ्या वाटतं. आता दुसरा धाडतील. हात न मिटणारा."