‘जाऊन राहिला’चा अर्थ

होळीला आठ दिवस होते. सकाळी सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडत बसले होते, तेवढ्यात सलीमभाईंचा फोन आला. सलीमभाई म्हणजे भोयर सरांच्या गल्लीतले कूलरवाले, दर उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्या बांधून देणारे. “मॅडम, सर जाऊन राहिले,” एवढंच बोलले. पुण्यामुंबईच्या माणसाला वाटेल, सर कुठे मुक्कामाला जाऊन राहिलेत. आमच्या नागपुरात त्याचा अर्थ वेगळा. सर जात आहेत, आत्ता, या घटकेला. हातातलं टाकून ऑटो केला, पण दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. सलीमभाई बाहेर बाकावर सरांच्या चपला मांडीवर घेऊन बसले होते.

महालातल्या एकाच शाळेत आम्ही दोघांनी उभी हयात घालवली. मी मराठी शिकवायची, ते इतिहास आणि नागरिकशास्त्र. मूळचे कुहीकडचे. बोलणं अस्सल गावचं, आणि त्याची त्यांना कधी लाज वाटली नाही. मी मात्र वह्यांमधल्या ‘जाऊन राहिला’वर लाल शाईने काट मारायची आणि वर ‘जात आहे’ लिहायची. सर स्टाफरूममध्ये चिडवायचे, “मॅडम, पोरगं परीक्षेत जात आहे आन् घरी जाऊन राहिलं. त्याले पोचू तं द्या कुठंतरी!” सलीमभाईंचा धाकटा भाऊ इरफान आमच्याच शाळेतला, एकेकाळी माझ्याच वर्गात शिकलेला. त्याच्या वहीत तर लाल शाईच जास्त असायची.

सरांची एकुलती एक लेक मीनल नोकरीसाठी दूरच्या शहरात होती. त्या शहराचं नाव सर पुढे कधी घेत नसत, ‘तिकडं’ म्हणत, म्हणून मीही लिहीत नाही. एका संध्याकाळी तिथल्या बाजारात स्फोट झाला. मीनल चप्पल घ्यायला गेली होती... वहिनी त्याआधीच गेल्या होत्या. घरात सर एकटे उरले. दोन महिने सलीमभाईंच्या घरून डबा आला, दोन्ही वेळचा. हे मी मुद्दाम सांगते आहे, पुढचं कळावं म्हणून.

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात दहशतवादाचा धडा होता. कारणे लिहा, पाच मुद्दे, पाच गुण. गरिबी, बेकारी, धर्मांधता, परकी शक्ती, आणखी एक काहीतरी. रजा संपवून सर परत आले तेव्हा नेमका तोच धडा आला. ते फळ्यापाशी खडू धरून उभे राहिले, पाच मुद्दे लिहिले आणि म्हणाले, “हे बॉम्ब ठेवणाऱ्याचे मुद्दे झाले. गरीब तं आपल्या गावातही आहेत, त्यांनी नाही ठेवला. मंग यानं काहून ठेवला?” ते ‘काहून’, म्हणजे ‘का’, त्यांना शेवटपर्यंत सोडून गेलं नाही. पेपर वाचायचे, कात्रणं काढायचे, निवृत्त वकिलांकडे जाऊन बसायचे. स्टाफरूममध्ये कुणीतरी तोंडावर बोललं, “लेक गेली तरी तुम्हाले त्याहिचीच पडली!” सर तापले. “त्याले फाशी झाली तरी मी एक आसू गाळणार नाही. पण काहून विचारणं म्हंजे माफी देणं नाही गा.” लोकांना हे पटत नसे. खरं सांगते, मलाही तेव्हा पुरतं पटत नव्हतं. थकून गेलो होतो आम्ही त्या काहूनला.

पण या माणसाच्या आयुष्यातला खरा काटा वेगळाच होता. स्फोटानंतर दुसऱ्या आठवड्यात चौकशीला एक अधिकारी घरी आला. पश्चिम महाराष्ट्रातला, नागपुरात नवा, बोलायला सभ्य. मीनलबद्दल विचारलं, मग सहज म्हणाला, इथून तिकडे कोणाचं येणं-जाणं असतं का? सर म्हणाले, “सलीमचा भाऊ इरफान तिकडं जाऊन राहिला.” इरफान त्या आठवड्यात कूलरच्या मोटारी आणायला निघणार होता. आयुष्यात पहिल्यांदा. अधिकाऱ्याने ऐकलं ते असं, की इरफान तिकडे जाऊन राहून आला आहे. तसंच लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी इरफानला घेऊन गेले.

सरांना कळलं तेव्हा ते धावत ठाण्यात गेले. कोण ऐकतं! म्हणून त्यांनी अर्ज लिहिला. आमच्या बोलीत ‘जाऊन राहिला’ म्हणजे जात आहे, गेलेला नव्हे, राहिलेला तर नव्हेच. उदाहरणांसकट चार पानं. तो घेऊन माझ्या दारात उभे राहिले. “मॅडम, तुम्ही मराठीच्या. खाली सही करा, की हे बरोबर आहे.” ज्या वाक्यावर जन्मभर काट मारली, ते बरोबर आहे म्हणून मी सही करायची! हसू यावं अशी गोष्ट. मला हसू आलं नाही, भीती वाटली. स्फोटाचं प्रकरण, पोलिसांचा कागद, घरात लग्नाची मुलगी. ह्यांनी आतूनच मानेने नको म्हटलं. मी म्हणाले, “सर, उद्या बघू.”

उद्या झाला, परवा झाला. सही केली ती चार दिवसांनी, रात्रंदिवस डोळ्याला डोळा न लागल्यावर. तेव्हा कुठे अर्ज ठाण्यात गेला. इरफान अकराव्या दिवशी सुटला. त्याच्याविरुद्ध काही नव्हतंच, सापडणार काय? पुढे खरे गुन्हेगार पकडले गेले, त्यांना शिक्षा झाली. पण गल्लीने इरफानला सोडलं नाही. ठरलेलं लग्न मोडलं. दुकानात माणसं येईनात, आणि जी येत ती मोटार राहिली बाजूला, त्याचा चेहराच न्याहाळत बसत. पोरगं मौद्याला गेलं, तिथे मोटार दुरुस्तीचं दुकान टाकलं. तासाभराची वाट, पण गल्लीत पाऊल ठेवलं नाही. बॉम्ब ठेवणारा एकदाच ठेवून जातो हो... पुढचं काम आपण शेजारीपाजारी बिनबोभाट करत राहतो.

मी सरांची समजूत काढायला जायची. चूक तुमची नाही, भाषेची आहे, त्या माणसाला आपली बोली कळली नाही. एकदा त्यांनी मला मध्येच तोडलं. “भाषेची नाही, मॅडम. माझा पुतण्या कुहीचा तांदूळ घेऊन महिन्यातून दोनदा तिकडंच जाते. सख्खा पुतण्या. साहेबानं विचारलं तवा त्याचं नाव नाही आलं माझ्या तोंडात. ज्याच्या घरचा डबा खाऊन राहिलो होतो, त्याचंच नाव काहून आलं?” त्या दिवसापासून त्यांचं कात्रणं काढणं थांबलं.

दर वर्षी एकदा ते एसटीने मौद्याला जात. इरफान स्टूल द्यायचा, चहा मागवायचा, बोलायचा नाही. सर चहा पिऊन परत येत. सलीमभाईंनी मात्र सरांचा कूलर एकही उन्हाळा चुकवला नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “गरम तं सगळ्याईलेच होते, मॅडम.”

तेरवीला इरफान आला. केस पांढरे झालेत, मी आधी ओळखलंच नाही. पंगती उठल्यावर सरांचा पुतण्या आम्हाला आतल्या खोलीत घेऊन गेला आणि कपाट उघडलं. कपाटाच्या दाराला आतून त्या अर्जाची ठाण्याने शिक्का मारून परत दिलेली प्रत चिकटवलेली होती. चारही पानं शेजारीशेजारी, पिवळी पडलेली, कोपऱ्यांना चिकटपट्टी. सर रोज सदरा काढायला ते दार उघडत असणार. इरफान वाचू लागला, ओठ हलवत, वर्गात वाचायचा तसाच. शेवटी त्याचं बोट खाली थांबलं. सरांच्या सहीखाली त्यांची तारीख, आणि तिच्याखाली माझी सही, माझी तारीख. सवयीने घातलेली, ठसठशीत.

माझ्या तेव्हा लक्षात आलं. ज्या माणसाने साऱ्या जगाला काहून विचारलं, त्याने त्या दोन तारखा इतकी वर्षं रोज पाहिल्या आणि मला एकदाही विचारलं नाही.

इरफानने विचारलं. आवाज चढवला नाही. “मॅडम, हे चार दिवस काहून?”

“घाबरले होते रे,” मी म्हणाले.

त्याने तारखेवरचं बोट उचललं. “मी बी, मॅडम.”

मग तो सलीमभाईंना शोधत बाहेर गेला. पुतण्याने विचारलं, कागद आता काढू का? मी नको म्हटलं. राहू दे तिथेच. दोन्ही तारखा राहू देत.